हिरवा चौकोन

तिकिटाच्या शेवटच्या पानावर
एक छोटा हिरवा चौकोन येतो:
तीनशे चाळीस रुपये, तुमच्या वाट्याच्या धुराचे.
कलिन्यातल्या या टेबलापाशी
दिवसातून वीसदा मी तो रिकामा सोडते.
खिडकीची जागा? हो, नऊशे.
जास्तीचं सामान? घ्या, मसाले आहेत.
धूर? "तो सगळ्यांचाच की."

आज लोटलीकरबाई आल्या,
लेकीच्या बाळंतपणाला फ्रँकफर्टला निघालेल्या.
चष्मा पुसून चौकोनाकडे बघत राहिल्या.
"झाड कुठे लावणार?"
माहीत नाही.
"कसलं? जांभूळ, करंज, काहीतरी असेल ना?"
तेही लिहिलेलं नव्हतं.
"मग जगलं की मेलं, कोण कळवणार?"

वरून विमान गेलं, ग्लासातलं पाणी थरथरलं,
आम्ही दोघी सवयीने थांबलो,
बोलणं तोंडात धरून.

मग त्यांनी पर्समधून सुटे मोजले.
"टाक खूण.
उधारी ठेवून नातवाचं तोंड बघू नये."
दारात वळल्या,
"पत्ता कळला तर सांग हं. झाडाचा."

त्या गेल्यावर
मी माझंच तिकीट उघडलं, गेल्या मे महिन्यातलं, गोव्याचं.
चौकोन रिकामा.
आता भरता येत नाही म्हणे.