थंडीचा स्क्रू

भरमाणीची पिकप दारात थांबली,
खरं थांबली म्हणता येत नव्हतं.
न्यूट्रलला टाकलेली, हँडब्रेक ओढलेला,
आणि इंजिन चढाला लागल्यासारखं ओरडत होतं.
मागं खानापुरी कौलं, सातशे,
सगळ्यांचे दात वाजत होते.

"उभ्या उभ्या डिझेल पितंय गा," तो म्हणाला.
"रेल्वेचं फाटक पडलं की लोक माझ्याकडं बघत्यात.
वाटतंय त्यांना, मलाच घाई."

आधी पायाखालचं बघितलं.
मॅट पेडलवर चढली नव्हती.
केबल सोडून हातानं ओढली, आली, गेली,
विहिरीच्या दोरासारखी गुमान.
स्प्रिंग नवी.
डिझेलच्या नळीत हवा असती तर आवाज वरखाली झाला असता;
हा एकाच उंचीवर बसलेला,
भांडण जिंकत आलेल्या माणसासारखा.

मग हात आपोआप स्लोच्या स्क्रूकडं गेला.
अर्धा आटा उलटा, की गप्प होईल,
भरमाणी जाईल, मी जेवायला जाईन.
इथंच बस्त्याव माझ्या बोटांवर पाना मारायचे:
"स्क्रू शेवटी रे. स्क्रूनं रोग जात न्हाई,
रोगाचं तोंड दाबलं जातंय."
हात मागं घेतला.

"पंप कुणी खोललेला?"
"उद्यमबागेत, गुरुपादनं. गेल्या आठवड्यात. हे बिल बघ की."
बिल कन्नडमधनं.
मला कन्नड बोलता येतं, भांडताही येतं,
वाचायला गेलं की अक्षरं
बेअरिंगच्या गोळ्या सांडल्यासारखी पळतात.
लेक शाळेतनं आलेली. दप्तर न उतरवताच तिनं वाचलं:
"थंडीचा स्क्रू, मोदलिन गुरुतिगे.
म्हणजे पहिल्या खुणेवर आणलाय, बाबा.
गुरुतु म्हणजे खूण. ओळख बी."

पंपाच्या कडेला पितळेची एक डबी असते, आत मेण.
गार इंजिनाला ती जरा जास्त रेस देते.
पाणी तापून तिच्यापर्यंत आलं की मेण फुगतं,
दांडी मागं सरते, इंजिन दमानं घेतं.
एवढंच तिचं काम:
सकाळ संपली, हे सांगणं.

रेडिएटरला हात लावता येत नव्हता
आणि डबी रांजणाच्या बुडासारखी गार.
बॅटरी लावून खाली बघितलं.
पाण्याची बारकी नळी कापलेली,
तोंडात दहा नंबरचा बोल्ट कोंबलेला,
वर तार: तीन पिळे डावीकडं, टोक दुमडून आत.

या बाजारात डावखुरा मेस्त्री मी एकटाच.

अकरा वर्षांमागं, चोर्ल्याच्या घाटात, रात्री.
हीच गाडी, तेव्हा भरमाणीच्या सासऱ्याची.
बॅटरी दातांत धरून मी बोल्ट कोंबला,
रेस चढून बसली तसा थंडीचा स्क्रू ढिला केला.
म्हणालो होतो, तात्पुरतं आहे, सोमवारी आणा.
कुठल्या सोमवारी, ते त्यांनी विचारलं नाही
आणि मीही बोललो नाही.
अकरा वर्षं त्या डबीला कुणी कळवलं नाही
की ऊन पडलंय.
गुरुपादनं फक्त स्क्रू होता तिथं नेला,
आणि माझी चूक मोठ्यानं बोलायला लागली.

नवी नळी, दोन क्लिपा, थोडं कूलंट.
चालू केली. ओरडली. आम्ही तिघं उभे.
चार मिनिटं लागली.
दांडी इतकी हळू मागं आली
की हलताना कुणी बघितली नाही,
मागं गेलेलीच दिसली.
कौलं एकेक करून गप्प झाली.
तेव्हा कळलं, पलीकडं चक्कीवाल्याचा रेडिओ
केव्हापासनं चालूच आहे.

"मजुरी किती?"
"ती घेतलीया. अकरा वर्षांमागं."
भरमाणीला कळलं नाही. नळीचे पैसे देऊन गेला.

लेकीनं बोल्ट उचलला. "हा कशाचा?"
"तात्पुरता," म्हणालो. "कन्नडमधे काय म्हणतात गं?"
तिनं विचार केला. "तात्कालिक."
आणि तो खिडकीत ठेवला,
तिथं असले सहा-सात आधीच आहेत.