मागची गाडी

रस्ते तीन होते. फॉर्मवर तीन चौकोन.
पंधरा किलोमीटर : सायनहून शिवडी, खाजणातले पक्षी बघून परत.
तीस : भांडुपपर्यंत आणि माघारी.
पन्नास : मुलुंड, ऐरोलीचा पूल, कोपरखैरणे,
वाशीचा पूल, मानखुर्द, पुन्हा सायन.
अंगठीसारखा गोल,
निदान नकाशावर.

फी तिन्हींना सारखीच, सहाशे.
त्यातून मानखुर्दच्या दवाखान्याला
डायलिसिसचं एक मशीन.

माझ्याकडे मागची गाडी.
ऋजुता मॅडम तिला स्वीप म्हणतात,
अयूब ड्रायव्हर म्हणतो झाडू.
टेम्पोत अकरा ट्यूबा, दोन पंप, मीठ-साखरेचं पाणी,
केळ्यांच्या फण्या, आयोडीन,
आणि एक बाकडं,
ज्यावर बसायला कुणालाच आवडत नाही.
काम सोपं. सगळ्यांच्या मागे राहायचं.
एकवीस वर्षं भांडुपला माझं दुकान आहे
दुसऱ्यांच्या सायकली उलट्या करून बघण्याचं.
मला जमतं ते.

साडेपाचला शिट्टी झाली.
कार्बनच्या सायकली अंधारात
नुसत्या सुस्कारत निघून गेल्या.
घाटकोपरला एका पोराच्या पोटरीत गोळा आला,
विक्रोळीला एक चेन तुटली,
ऐरोलीच्या पुलावर बँकेतले एक साहेब
बाकड्यावर येऊन बसले,
उतरेपर्यंत फोनमध्ये बघत राहिले.
फोन बंद होता.

मग उरली एक. नंबर दोनशे चौदा.
कुंदा तांडेल, माहूल गाव, वय त्रेपन्न.
पुढं टोपली असलेली लेडीज सायकल, गिअर नाही.
कोपरखैरण्याला मी खिडकीतून विचारलं,
बाई, पन्नासच का घेतलंत?
पैसे तेवढेच ना, ती म्हणाली,
मग कमी कशाला घेऊ?

वाशीच्या पुलावर खाडीचा वारा समोरून.
ताशी नऊ. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कण्हतोय.
पोलिसांची परवानगी दहापर्यंत,
आणि दहा वाजले.
वॉकीटॉकी खरखरला : शेवटची रायडर उचला, रस्ता सोडा.
मी उतरलो. बाकडं पुसलं.
तिनं बाकड्याकडं पाहिलं,
बाजारात शिळ्या बोंबलाकडं बघावं तसं.
मग पाठीवरचा नंबर सोडवला,
चारही पिना मोजून पदराला लावल्या,
कागद टोपलीत ठेवला.
आता मी तुमची नाही, म्हणाली.
वाशीहून घरी निघालेली बाई आहे.

नियमानं बरोबर होतं.
मी बटण दाबून सांगितलं : दोनशे चौदा बाहेर. मागे कोणी नाही.
अयूबनं माझ्याकडं पाहिलं,
आणि पहिलाच गिअर टाकला.

मानखुर्दला तिचं मागचं चाक बसलं.
माझ्या अकरा ट्यूबांतली एकही बसेना,
सगळ्या बारीक, उंच चाकांच्या.
मग टायर उकलला, बादलीत ट्यूब फिरवली,
बुडबुडा सापडला, घासला, पॅच लावला,
बापानं शिकवलं तसा अंगठ्यानं दाबून धरला.
ती केळं खात उभी. दोन खाल्ली,
तिसरं टोपलीत, नंबराशेजारी.

पुढं तो सिग्नल.
डावीकडं माहूल, तिचं घर,
दुपारचा स्वयंपाक, बहुतेक उपाशी मांजरं.
सरळ सायन.
सिग्नल हिरवा झाला तरी ती उभी राहिली,
मागचे हॉर्न वाजवायला लागले,
आम्हीही त्यांतलेच समजून
कुणीतरी आम्हाला शिवी दिली.
मग तिनं पेडल मारलं. सरळ.

सायनला कमानीतली हवा सोडलेली होती,
दोन पोरं तिच्यावर गुडघे टेकून घडी घालत होती.
ती कमानीच्या अंगावरून जपून सायकल नेऊन
पलीकडं थांबली.
पोरांनी काही विचारलं नाही.
पाणी आहे का, तिनं विचारलं.
होतं.

संध्याकाळी मॅडमना हिशेब दिला :
ट्यूबा वापरल्या चार, शिल्लक सात.
चेन एक. केळी संपली.
पॅच एक, वीस रुपये, ते माझ्या दुकानात मांडलेत,
वाशीहून घरी निघालेल्या एका बाईच्या नावावर.