खिळ्यांची चव

पहाटेच्या फेरीबोटीत आमची गाडी
नेहमी मासळीच्या ट्रकमागे लागते.
बाप काच खाली करत नाही आता.
पूर्वी त्याला हा वास यायचाच नाही,
चिलोएत जन्मलेल्या माणसाला कसा येईल.

खाडी ओलांडायला अर्धा तास,
पुढे इस्पितळापर्यंत रस्ता आणि धुकं.
पहिल्या दिवशी तिथे
गरम पाण्यातून काढलेली प्लॅस्टिकची जाळी
त्याच्या तोंडावर ताणून बसवली.
ती थंड झाली, आणि उरला एक चेहरा,
नाक त्याचं, हनुवटी त्याची, डोळे कुणाचेच नाहीत.
रोज तो चढवून टेबलाला चापांनी आवळतात.
"जन्मभर मी छपरं ठोकली," तो येसेनियाला म्हणाला,
"आज मला ठोका."
नर्स हसली. त्याच्या आवाजातला
तो शेवटचा सबंध विनोद.

तिसऱ्या आठवड्यात चव गेली.
"सगळ्याला खिळ्यांची चव येते,"
त्याने पाठकोऱ्या पावतीवर लिहिलं,
आणि खाली: "ओळखीची आहे."

चाळीस वर्षं शिडीवर,
दातांत सात-आठ खिळे धरून
त्याने बेटावरच्या घरांना लाकडी खवले चढवले.
आई खालून काहीबाही विचारायची,
तो खिळ्यांमधून हुं करायचा,
आणि तिला ते बरोबर लागायचं:
चहा, की हातोडी, की शेजारीण आली तर मी घरी नाही.
ती गेली आणि
तो शब्दकोश तिच्याबरोबर गेला.
मी पहिल्या पानापासून शिकतेय.
आखूड हुं म्हणजे पाणी.
लांबलेला म्हणजे खिडकी.
तुटका म्हणजे पुरे कर आता, पोरी.

रेनान उत्तरेतल्या खाणीतून फोन करतो,
पैसे पाठवतो, विचारतो, "बाबा कसे आहेत?"
"बरे," मी म्हणते.
किती मोठ्या पोटाचा शब्द आहे हा,
काहीही घातलं तरी मावतं.

बाविसाव्या दिवशी, की तेविसाव्या,
मी त्याच्यावर ओरडले.
इस्पितळाच्या पार्किंगमध्ये, भर पावसात.
आपल्याच वाफ्यातले निळे बटाटे
रात्री रटरटवून, फडक्यातून गाळून आणलेले,
आणि त्याने तोंड फिरवलं.
"तुला जगायचंच नाहीये का?"
शेजारच्या गाडीतली बाई कानकोंडी होऊन
फोनमध्ये बघायला लागली.
बापाने माझ्या हातातला चमचा घेतला.
गिळला.
गिळताना त्याची पावलं ताठ झाली, बुटांच्या आत,
मला दिसली.
मग दुसरा चमचा घेतला, माझ्यासाठी.

तेव्हापासून मी डबा उघडून
आमच्या दोघांच्या मध्ये ठेवते
आणि वायपर बघत बसते.
कधी तो खातो.
कधी फक्त वाफ घेतो.

पस्तिसाव्या दिवशी येसेनियाने जाळी देऊन टाकली.
मला ती वाटेत समुद्रात भिरकवायची होती.
त्याने मांडीवर ठेवली, तोंड वर करून,
आणि सीटबेल्ट दोघांवरून घेतला.

ते जूनमध्ये. पुढचं स्कॅन अजून व्हायचंय,
तारीख दोनदा पुढे गेली.
दरम्यान आलुबुखाराच्या झाडाला फळं धरली
आणि पाखरांना सुगावा लागला.

काल परत आले तर शिडी लागलेली.
बाप वर. फांदीवर तो चेहरा,
त्याचाच, पांढरा, भोकाभोकांचा,
बुजगावणं म्हणून ठोकत होता.
ओठांत दोनच खिळे.
ओठ अजून पुरते भरलेले नाहीत.

"लागतेय का चव?" मी खालून विचारलं.

हुं, तो म्हणाला.
आखूड नाही, लांबलेला नाही, तुटकाही नाही.
एक पाखरू आत्ताच
जाळीच्या नाकावर येऊन बसलं होतं,
जराही न भिता.

मला तो हुं लागला नाही.
मी शिडी धरून उभी राहिले.