आधी शून्यावर आणा

एकवीस वर्षं मी चोपड्याच्या जिनिंगमध्ये काट्यावर होतो.
लग्न केलं नाही. घरासमोर जिल्हा परिषदेची शाळा,
तिथं माझं कुणी शिकलं नाही, शिकणार नाही.
हे आधीच सांगतो, कारण ग्रामसभेत कुणीतरी म्हणतंच,
तुमचं काय जातंय, आप्पा?

कापसाच्या दिवसांत पहाटेपासून रांग.
ट्रॅक्टर, छोटे हत्ती, डोंगरातून उतरलेल्या दोन-चार बैलगाड्या.
आणि मी रिकामा काटा उणे चारवर ठेवून बसलेलो.
शेठ तसं कधी बोलले नव्हते.
बोलावं लागत नाही.
लाल आकड्याच्या डावीकडे एक बारकी काडी,
तिचं नाव रांगेत कुणाला ठाऊक नव्हतं.
दर तोलाला चार किलो. हंगामात किती तोल, ते मी मोजलं नाही.
मोजलं होतं. सांगत नाही.

एका रविवारी गुमान बारेलाबरोबर त्याची पोरगी आली,
सुमली, सहावीतली,
पायात बापाच्या चपला.
टाचा उंचावून तिनं आकडा पाहिला, मग मला.
घरी ती पावरी बोलायची, वर्गात मराठी.
माझ्याशी मात्र अहिराणीत बोलली,
म्हणजे मला समजलं नाही असं म्हणायची सोय नको:
"काका, आकडाना पह्यले काडी शे.
ते उणं शे. आधी शून्यवर आना."

मागे अकरा गाड्या होत्या.
मी बटण दाबलं.

त्या दिवशी अकराच्या अकरा गाड्यांना खरं वजन मिळालं.
त्यात विरवाड्याचे एक पाटील होते, पोरं जळगावला होस्टेलात.
एक म्हातारी होती, मागेपुढे कुणी नसलेली.
त्यांना अजून माहीत नाही
की त्यांचे चार-चार किलो
हसीना तडवी बाईंनी फळ्यावर ओढलेल्या
एका संख्यारेषेनं वाचवले,
शून्याच्या डावीकडेही आकडे असतात म्हणून.
पुढच्या हंगामात काट्याचा डबा गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसला.
शेठ म्हणाले, नवीन नियम आहे.

आता त्या शाळेत सात वर्ग, दोन शिक्षक.
अनुदान निम्मं आलं, तेही मार्च संपताना.
वीजबिल थकलं, मीटर काढून नेलं,
तीन संगणक जुन्या साडीखाली झोपलेत.
खडू बाई स्वतःच्या पैशांनी आणतात
आणि कुणी विचारलं तर नाही म्हणतात.
सहावी-सातवी आता सहा किलोमीटरवर हलवायची म्हणे.
पोरं जातील सायकलीवर.
पोरी? ग्रामसभा जरा वेळ पंख्याकडे बघते.

मग पिवळ्या बशीत नातू बसवणारे एक जण म्हणाले,
पटच नाही, तर पैसा ओतायचा कशाला?

हे मला ओळखीचं वाटलं.
आधी काटा उणे ठेवायचा,
मग म्हणायचं, माल भरत नाही.
एकवीस वर्षं हाच धंदा केला, साहेब,
मला नका शिकवू.

उठलो, पण एवढं बोललो नाही.
गुमानचा धाकटा भाऊ समोरच बसला होता.
एवढंच म्हणालो, पूर्ण द्या. मग मोजा.
ग्रामसेवकांनी विचारलं, ठरावाला सूचक म्हणून कुणाचं नाव?
म्हटलं, माझं लिहा,
पाल्य असा रकाना असेल तर रेघ मारा.

सुमली आता उपकेंद्रात असते, पांढरा कोट, कानात बाळ्या.
मागच्या महिन्यात साखर तपासायला गेलो.
वजन करा आधी, म्हणाली.
मी चढणार तेवढ्यात तिनं हात आडवा धरला,
वाकून काटा पाहिला,
बोटानं जरासा मागे सारला.
मग म्हणाली, हं, या.

बावन्न किलो.
तिनं लिहिलं, मी पाहिलं.
दोघंही बराच वेळ दुसरं काहीतरी बघत होतो.