भारवाही : नाही

लिएपायात वारा रात्रभर खिडकीला धडका देतो,
सकाळी ऑफिसात आल्यावरही कानात तोच.
बंदरावरचं शिडांचं जुनं गोदाम,
त्याचं वाचनालय करायचंय.
दोन वर्षं ते माझ्या पडद्यावर उभं आहे,
आणि पडद्यावर वारा नाही.

इमारत एक. बघणारे चौघे, दिसतं चौघांना वेगळं.
वास्तुरचनेच्या दृश्यात सगळं काही,
मायगाने हौसेने ठेवलेली कुंडीसुद्धा.
उगिसच्या दृश्यात फक्त पेलणारं:
खांब, तुळया, पाया.
दारांना तिथे प्रवेश नाही.
गुंटिसच्या दृश्यात त्याचे डक्ट ठसठशीत निळे
आणि बाकी आम्ही सगळे फिकट करडे,
लग्नाच्या फोटोत मागे उभ्या राहिलेल्यांसारखे.

आई विचारते, तू नेमकं करतेस काय?
मी सांगते, झाकाझाक.
कुणाला काय दिसू नये ते ठरवते.
साचा लावते, गाळणी लावते, कुलूप घालते.
मध्येच कुणाचा तरी फोन: माझी तुळई कुठे गेली?
कुठेही गेली नाही, मी म्हणते.
तुझ्या दृश्यात नाही, एवढंच.

दुसऱ्या मजल्यावर एक भिंत आहे.
बारा सेंटीमीटर, विटेची, मूळ नकाशात नसलेली.
कुण्या कारकुनाला हिशेबासाठी आडोसा हवा असेल,
कुणीतरी उभी केली आणि विसरलं.
लेझरच्या मोजणीत ती सापडली.
मी ती काढली. गुणधर्माच्या चौकटीत
आधीपासूनच लिहिलेलं होतं,
भारवाही : नाही.
मी हात लावला नाही.
त्याच क्षणी उगिसच्या दृश्यातून ती गेली,
आवाज न करता. तक्रार कुणाची नव्हती.
चार महिने.

मग मायगाने तिच्यावर तुटक लाल रेघ ओढली.
इथे मुलांचा विभाग. पाडणे.

गुरुवारी साइटवर गेले.
आर्विड्स शिडीवर, तोंडात स्क्रू,
हातात पुट्टीचं पातं.
भिंतीचा माथा आणि वरची लाकडी तुळई
यांच्यात पातं सहज सरकायला हवं होतं.
सरकलं नाही.
त्याने बाजू बदलली, पुन्हा घातलं.
माथ्याचा गिलावा पिठासारखा भुरभुरला
त्याच्या बाहीवर.
खाली उतरून स्क्रू काढले तोंडातले, मग म्हणाला,
ही नुसती उभी नाही बरं.

तुळई वाकत आली असणार,
एका हिवाळ्यात केसभर, दुसऱ्यात केसभर,
आणि एक दिवस टेकली.
भिंतीला कान असतात हे ऐकून होते.
खांदे असतात,
आणि ते कुणी न सांगता पुढे होतात,
हे पहिल्यांदाच बघत होते.

उगिसला फोन लावला. तो बराच वेळ गप्प.
पलीकडे कीबोर्ड वाजत होता.
माझ्याकडे अशी भिंतच नाही, तो म्हणाला.
खोटं बोलत नव्हता.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात,
इथे सृष्टीचा एक मजला
दृष्टीआडच्या भिंतीवर टेकलेला.

संध्याकाळी चौकट उघडली.
नाही पुसून होय केलं.
भिंतीला काही झालं नाही.
तिला कळलंही नसेल.
उगिसच्या दृश्यात मात्र ती अचानक हजर,
खांबांच्या पंगतीत बारीकशी,
दिवा लावल्यावर खोलीत कुणी आधीच बसलेलं असावं तशी.
त्याने लिहिलं: ही कधी आली?
होतीच, असं लिहिलं मी,
मग पुसलं.
फक्त मोजमाप पाठवलं. आणि तारीख,
माझ्या चार महिन्यांपूर्वीची.

आता भिंत राहणार. पुस्तकं तिच्या दोन्ही बाजूंना.
मायगा दोन दिवस बोलली नाही, मग मांडणी बदलली.
गुंटिस अजून चिडलेला आहे,
त्याच्या डक्टला वळसा पडतो, साडेतीन मीटरचा,
एका काटकुळ्या भिंतीपायी.
त्याचं तरी काय चुकलं.
त्याच्या दृश्यात ती
अजूनही फिकट करडीच आहे.