अक्षराचं पोट

बर्डीवर, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी
दुकानदार बॅग उलटी करून दाखवतो,
"घ्या न ताई, फर्स्ट कॉपी आहे. कंपनीवालाही नाही ओळखणार."
पहिली नक्कल.
जसं काही वर्गात पहिली आली.
तो बाराशे म्हणतो, मी पाचशे.
सातशेवर दोघंही नाराज होतो
आणि सौदा होतो.

कुणी विचारलंच तर सांगेन, मी फसले नाही.
पावतीवर त्यानं नुसतं 'लेडीज पर्स' लिहिलं
तेव्हा आम्ही दोघंही हसलो.
सोबतच्या तन्वेशनं बूट घेतले,
चालायला नाही,
फुटाळ्यावर फोटो काढायला.

सातशे म्हणजे सातवीतल्या खुशालच्या गणिताचा एक महिना.
खऱ्या बॅगेची किंमत एकदा मोबाइलवर पाहिली होती,
शून्यं मोजता मोजता माझं स्टेशन निघून गेलं.

मिहानमधल्या त्या ऑफिसात
मागच्या वेळी कापडी पिशवी घेऊन गेले होते.
रिसेप्शनवरच्या मुलीनं खांद्यापासून वाचायला सुरुवात केली
आणि चेहऱ्यापर्यंत आलीच नाही.
आत साहेबांनी विचारलं, नाव?
प्रणोती.
पुढे?
पुढचं सांगितलं.
मग ते म्हणाले, कुठल्या तुम्ही? म्हणजे, मूळच्या?
इथल्याच. पाचपावलीच्या.
पेन टेबलावर ठेवल्याचा तो आवाज
फार मोठा नव्हता.

आडनाव मला बदलायचं नाही.
बाबांनी ते दारावर स्वतः रंगवलंय,
निळ्यावर पांढरं, सावलीसकट.
पण त्याच्या आधी वाचलं जाईल
असं एखादं नाव
खांद्याला अडकवता येतं,
सातशेत.

बाबांनी तीस वर्षं नावंच रंगवली.
सिमेंटची, बियाण्यांची, थंड पेयांची,
कामठी रोडच्या भिंती, इतवारीतली शटरं.
कंपनीचा नमुना काडेपेटीएवढा, भिंत वीस फुटी.
चुन्यात बुडवलेली सुतळी ताणून, एक डोळा मिटून
हुबेहूब उतरवायचे,
आणि त्यांच्या अक्षराला
कुणी कधी नकली म्हटलं नाही.
मग फ्लेक्स आलं.

बॅग त्यांनी हातात घेतली.
किंमत विचारली नाही.
कपाळावरचा चष्मा खाली आला,
अंगठा त्या सोनेरी इंग्रजी नावावरून फिरला आणि थांबला.
"ह्या ओचं पोट बिघडलं पोरी.
उजवीकडून फुगलं, दिसून राहिलं ना?
घाईत केलं बिचाऱ्यानं."

बिचाऱ्यानं.
मी तोवर विचारच केला नव्हता
की हे कुणीतरी बसून उमटवलं असेल,
दिवसाला दोनशे-तीनशे,
माझ्याच वयाचं कुणीतरी,
घरी जाताना कापडी पिशवी घेऊन.

मला वाटलं, आता ते बोलतील.
कष्टाचं, खऱ्याखोट्याचं काहीतरी.
मी उत्तरंही तयार ठेवली होती.
ते पलंगाखाली वाकले,
झिरो नंबरचा ब्रश काढला,
चमच्याच्या दांड्यानं डबी उघडली,
सोनेरी रंगावरची साय बाजूला केली.

"सोमवारी किती वाजता आहे तुयं?"
"दहाला."
"मंग वाळते."