मिठाचा अंदाज

दर तिसऱ्या मंगळवारी खाणावळ बंद.
पुठ्ठ्यावर वर मराठीत दीक्षानं लिहिलंय,
खाली कन्नडात लगमव्वाच्या नातवानं.
कारण दोन्हीकडं नाही.
खानापूर डेपोतल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

सातच्या बसला खिडकी मिळते.
नवा कंडक्टर आधारकार्ड मागतो,
फोटोतली वेणी बघतो, मग माझा रुमाल बघतो,
परत फोटो.
"नान री," मी म्हणते. मीच ती.
तो मशीनमधून तिकीट काढतो : शून्य रुपये.
वेलदोड्याच्या डब्यात ठेवलीत सगळी,
सहा फेऱ्यांची अकरा.
चौथ्या वेळी येताना बसमध्ये उभं राहवेना,
दीक्षानं रिक्षा केली, साडेसहाशे.

बेळगावात डाव्या हाताला सुई, उजव्या हातात उधारीची वही.
हळियाळ गाडीचा ड्रायव्हर, चौदा जेवणं.
पीयूसीची दोन पोरं, महिना थकलाय, विचारायचं नाही.
पहिल्या चार वेळा वरून लाल उतरायचं,
अगदी आगळासारखं.
तेव्हापासून आगळाची बाटली मागच्या फळीवर गेली,
सोलकढी विचारणाऱ्याला सांगते, कोकम आलं नाही यंदा.

बुधवारी मी उघडते.
बुधवारी अंगात गोळ्यांचा खोटा जोर असतो,
पहाटे तीनला मसूर निवडून तयार,
डब्यांची झाकणं घासून तयार.
गाठायचा असतो तो शुक्रवार.
शुक्रवारी भाताला वाफ आली की मी परसात,
शेवग्याखाली, पालथ्या बादलीवर.
ज्या वासावर बावीस वर्षं घर चाललं
त्याच्याकडं पाठ करून.
आतून लगमव्वा ओरडते, "अक्का, किती शिट्ट्या?"
मी बोटं दाखवते.

आणि जीभ.
बसचा दांडा चाटावा तशी चव सगळ्याला,
आमटीला, पाण्याला, दीक्षानं आणलेल्या कुंद्याला.
मीठ मी कधी चमच्यानं घातलं नाही.
चिमूट कळायची, मूठ कळायची,
आता बोटांची टोकं बधिर,
मीठ हातात आहे की नाही तेच बघून ठरवायचं.
मग साडेअकराला पहिला येणारा फकीराप्पा,
उभ्या उभ्या तळहातावर आमटी घेतो, फुंकर मारतो.
"बरोबर री."
रोज बरोबर.

एका गुरुवारी, पाचवीनंतरच्या,
दोन वाजता पाण्याच्या घागरी बघितल्या
तर तिन्ही रिकाम्या.
चाळीस ताटं, ऊनही फार नव्हतं.
आमटीचं पातेलं मात्र पुसून घेतलेलं,
कुणी एक शब्द बोललेलं नाही.
लगमव्वा भांड्यात तोंड घालून भांडी घासत होती,
नेहमीपेक्षा जोरात.

रडू नाही आलं. राग आला.
दुसऱ्या दिवशी वाढपाचा डाव हातात घेऊन दारातच थांबले.
म्हटलं, फकीराप्पा, तुला बस नीट चालवता येते म्हणून
मी खिडकीत बसून डोळे मिटते ना?
मग तू माझ्याशी असं का वागूलास?
पैसे देतोस, जेवणाचे देतोस.
दयेचा दर मी फळ्यावर लिहिलेला नाही.

तो चपला काढून आत आला.
तळहात पुढं केला, आमटी घेतली, फुंकली,
वेळ लावला.
मागं तीन कंडक्टर हात धुऊन उभे.

"उप्प कडिमी आगेत्री," म्हणाला.
मीठ कमी.

मी बरणी उघडली.
चिमूट धरली, डोळ्यांनी मोजली, सोडली.
"आता?"
तो परत तळहात पुढं करून उभा.
बाहेर नंदगडची गाडी हॉर्न मारत होती,
कुणी हललं नाही.